अंक शंभराचा, टपाल ऐंशीचे

चंद्रपूर-गडचिरोलीत राहून छोटी वाङ्मयीन मासिके-त्रैमासिके वाचायची म्हटली, तर मुखपृष्ठावरची किंमत हा निम्माच खर्च. उरलेला निम्मा टपालाचा, आणि वर्गणीच्या फॉर्मवर त्याचा नीट उल्लेख क्वचितच असतो. म्हणून आधी वजनाचा हिशेब.

डेमी आकाराचा 64 पानी अंक, आत 70 जीएसएमचा कागद आणि वर जाड मुखपृष्ठ, भरतो साधारण 80 ग्रॅम. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाली आणि 1 ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाचे दर बदलले. 51 ते 250 ग्रॅमच्या पाकिटाला आता 200 किलोमीटरपर्यंत 59 रुपये, 501 ते 1000 किलोमीटरला 68 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे नागपूरहून गडचिरोलीला सुमारे 70 रुपये आणि पुण्याहून 80. शंभर रुपयांच्या त्रैमासिकाचे चार अंक असे मागवले, तर अंकांचे 400 आणि टपालाचे 320.

पुस्तकांसाठी 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, कर वेगळा; दर पाहून संपादक हरखतात. पण तिच्यात नियतकालिके आणि जाहिराती असलेली प्रकाशने चालत नाहीत. जुनी वृत्तपत्र-सवलतही त्रैमासिकांच्या वाट्याला कधी आली नाही. 1898 च्या टपाल कायद्यात ती मिळवायची तर दोन अंकांत 31 दिवसांहून जास्त अंतर नको, अशी अट होती. म्हणजे साहित्यातले बहुतेक गंभीर काम ज्या त्रैमासिकांत झाले, तीच बाहेर राहिली. ‘अनियतकालिक’ म्हणून मिरवणाऱ्यांचा तर प्रश्नच नव्हता.

उरते साधे टपाल. स्वस्त, पण अंक पोचल्याचा पुरावा नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वडसा अशा रेल्वेच्या गावी हा धोका पत्करायला हरकत नाही. गडचिरोली जिल्ह्याला वर्षानुवर्षे वडसा हेच एक स्टेशन. पुढे भामरागड, सिरोंचा, कोरचीपर्यंत सगळा रस्त्याचा मामला, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. तिथल्या वर्गणीदाराने जून ते सप्टेंबरचे अंक तालुक्याऐवजी गडचिरोलीतल्या ओळखीच्या पत्त्यावर मागवावेत.

सगळ्यात मोठी बचत मात्र एकत्र मागवण्यात आहे. 251 ते 500 ग्रॅमच्या पाकिटाला 501 ते 1000 किलोमीटरसाठी 82 रुपये पडतात, करासह सुमारे 97. 80 ग्रॅमचे पाच अंक मिळून 400 ग्रॅम. वेष्टण धरूनही पाचशेच्या आत. एकेकट्याने मागवले तर पाच जणांचे 400 रुपये जातात, एका पाकिटात 97. माणशी वीस रुपयांच्या आत अंक हातात, तोही पोचेसह. कुरखेड्याच्या शाळेतले दोन शिक्षक, एक ग्रामसेवक, वाचनालय आणि कॉलेजचा मराठी विभाग एवढी जुळवाजुळव पुरते. संपादकाला तसे आधी कळवा. त्याचेही पाकिटे चिकटवायचे काम वाचते, म्हणून तो सहसा नाही म्हणत नाही.

टपाल पूर्ण टाळायचे असेल तर संमेलने गाठा. झाडीबोली साहित्य संमेलन भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातल्या गावांत भरते, आणि मोठ्या शहरांत न दिसणारे अंक तिथल्या टेबलांवर मिळतात. 2012 मध्ये चंद्रपूरला वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय संमेलन झाले. अशी पर्वणी रोज येत नाही, पण विदर्भात कुठेही भरले तरी पिशवी घेऊन जावे. मागचे अंक तिथे बहुधा सवलतीत सुटतात. विदर्भ साहित्य संघाचे ‘युगवाणी’ वाचायचे असेल तर आधी संघाच्या जवळच्या शाखेत चौकशी करावी. दि. य. देशपांडे यांनी 1990 मध्ये नागपुरात सुरू केलेला ‘आजचा सुधारक’ आता छापील नाही. मोबाइलवर फुकट वाचता येतो. दिवाळी अंक जाड, टपालाला महाग. ते वाचनालयाच्या योजनेतूनच वाचलेले परवडतात.

आता ‘आजीव वर्गणी’. इथे आयुष्य मासिकाचे मोजतात, तुमचे नव्हे. ‘सत्यकथा’सारखे मौजेच्या घरचे मासिकही 1982 मध्ये बंद पडले. एका संपादकाच्या पगारावर चालणाऱ्या अंकाला दहा वर्षांचे पैसे एकदम देणे ही देणगी आहे. द्यायची असेल तर खुशाल द्या, पण वर्गणी म्हणून वार्षिकच भरा. भरताना एक प्रश्न विचारा: वर्षाला अंक किती? जोडअंकाची सवय असलेल्या मासिकाचे बारा महिने आठ अंकांत संपतात. पैसे यूपीआयने भरलेत तर कितव्या अंकापासून वर्गणी सुरू, हे त्याच संदेशात लिहून ठेवा.

लिहिणाऱ्यांच्या खिशालाही कात्री लागते. ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहा’त कविता घ्यायची म्हणून सहभाग शुल्क, वर प्रती विकत घेण्याची अट, असा संग्रह वाचायला कोणी मागवत नाही, कवीच आपल्या प्रती वाटतात. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये झाल्यापासून संशोधकांची संख्या वाढली, तशी ‘आयएसएसएन आहे’ म्हणून लेखामागे पैसे मागणारी नियतकालिकेही दारात आली. आयएसएसएन क्रमांक भारतात मोफत मिळतो आणि तो दर्जाची खूण नाही. यूजीसीने फेब्रुवारी 2025 मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादीही बंद केली. तेव्हा ‘केअर लिस्टेड’ अशी जाहिरात अजून करणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

स्वतःचा अंक काढायचे मनात असेल तर पाने सोळाच्या पटीत ठेवा. छपाई फर्म्यावर चालते, 68 पाने केलीत की चार पानांसाठी वेगळा खर्च. आणि ऐंशी पानांवर जाऊ नका. तिथेच वजन शंभर ग्रॅमला टेकते, आणि पाच अंकांचे एकत्र पाकीट पाचशेच्या पुढे जाते. कागदाचा भाव विचारताना बल्लारपूरच्या पेपर मिलचे नाव तोंडात येतेच, पण शेजारी कारखाना आहे म्हणून इथल्या मुद्रकाला रीम स्वस्त पडेल, या भरवशावर राहू नका. गावोगावच्या मंडई-जत्रा आणि झाडीपट्टी नाटकांचा हंगाम सुरू होण्याआधी छपाई उरकावी, नाहीतर नाटकांच्या पोस्टरांमागे तुमचा अंक रांगेत. वाङ्मयीन नियतकालिकांसाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनुदान योजना आहे, पण पहिले काही अंक खिशातूनच निघतात.

अंक आला नाही तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. त्याआधी पन्नास पैशांचे एक पोस्टकार्ड संपादकाला टाकून पाहा. बहुतेक तक्रारी तेवढ्यात मिटतात.