संगणकानें पत्ते कसे पिसावे ?

पत्त्यांचें नांव काढतांच कित्येक पालकांच्या कपाळास आठी पडेल, हें मी जाणून आहें. शाळेच्या वार्षिकांत पत्त्यांवर लेख आला आहे असें पाहून एखादे आजोबा अंकच मिटून ठेवतील. त्यांस एवढेंच सांगावयाचें कीं, येथें पैसा लावावयाचा नाहीं, डावहि मांडावयाचा नाहीं. आणि ज्यास पत्ते खेळतां येत नाहींत त्यासहि हा पाठ समजेल. बावन्न पानांचा जोड, ज्याला घरोघर कॅट म्हणतात, तो आपण केवळ शिकण्याचें साधन म्हणून हातीं घेत आहों. संगणकास काम सांगण्याची विद्या, म्हणजे प्रोग्रॅमिंग, नव्यानें शिकणाऱ्यास याहून सोपें आणि याहून फसवें उदाहरण मला तरी ठाऊक नाहीं.

बदाम लाल असतो कीं काळा, राणी देखणी असते कीं कुरूप, याचें संगणकास कांहींच सोयरसुतक नसतें. त्याची ओळख संख्येशीं. म्हणून प्रत्येक पत्त्यास एकेक क्रमांक द्यावयाचा, हें पहिलें काम. हे क्रमांक १ पासून ५२ पर्यंत न देतां ० पासून ५१ पर्यंत द्यावे. किलवर, चौकट, बदाम आणि इस्पिक या चार रंगांस अनुक्रमें ०, १, २, ३ हे अंक द्या. त्याचप्रमाणें एक्का ०, दुर्री १, तिर्री २, असें करीत दश्शी ९, गुलाम १०, राणी ११ आणि राजा १२. आतां कोणत्याहि पत्त्याचा क्रमांक घेऊन त्यास १३ नें भागा. भागाकार रंग सांगतो, बाकी पान सांगते. ३७ ला १३ नें भागिलें असतां भागाकार २ व बाकी ११ येते. अर्थात् ही बदामाची राणी. ० म्हणजे किलवरचा एक्का, ५१ म्हणजे इस्पिकचा राजा. उलट जावयाचें असल्यास रंगाच्या अंकास १३ नें गुणून त्यांत पानाचा अंक मिळवावा. शून्यापासून मोजण्याची रीत नवशिक्यास विचित्र वाटते. परंतु एकापासून आरंभ केला असता, तर प्रत्येक रंगाच्या राजापाशीं येतांच बाकी शून्य उरून भागाकार एकानें वाढला असता आणि त्या चार राजांसाठीं निराळा नियम करावा लागला असता. आमच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेंत दहा रंग, प्रत्येकीं बारा पानें, असे १२० गोल पत्ते असतात. तेथें १३ च्या जागीं १२ आणि ५२ च्या जागीं १२० लिहिलें कीं झालें. बाकीचा पाठ तोच.

हे क्रमांक ठेवावयाचे कोठें ? प्रत्येक पत्त्यास स्वतंत्र नांव देऊन बावन्न नांवें लिहिणारा विद्यार्थी दर वर्षीं एखादा तरी भेटतोच. त्याच्या चिकाटीचें कौतुक करावें, पण रीत बदलावयास सांगावी. एकाच नांवाखालीं ओळीनें लागून असलेल्या, क्रमांक घातलेल्या खणांच्या मांडणीस ॲरे म्हणतात. टपाल कचेरींत पत्रें लावण्याचे खण असतात, तसेच हे. पायथन भाषेंत हें काम ज्या वस्तूकडून करून घेतात तिला लिस्ट म्हणतात. नांव कोणतेंहि असो, कल्पना एकच. आपल्या ॲरेचें नांव ‘जोड’ ठेवूं. त्याला बावन्न खण आहेत आणि त्यांचेहि क्रमांक ० पासून ५१ पर्यंत आहेत. आरंभीं ० क्रमांकाच्या खणांत ० हा पत्ता, १ च्या खणांत १, याप्रमाणें भरीत जावें.

येथें वर्गांतील निम्मीं मुलें अडखळतात, म्हणून थोडें थांबूं. खणाचा क्रमांक ही एक गोष्ट आणि खणांतील पत्त्याचा क्रमांक ही दुसरी. नवा कोरा जोड असतो तोंवर दोन्ही सारखे दिसतात आणि भ्रम होतो. पिसल्यावर जोड[५] मध्यें ३७ असूं शकेल. म्हणजे सहाव्या जागीं बदामाची राणी बसली. घराचा क्रमांक आणि घरांत राहणाऱ्याचें नांव यांचा घोटाळा आपण कधीं करीत नाहीं. तोच विवेक येथें ठेवावयाचा.

दोन खणांतील पत्त्यांची अदलाबदल करावयाची झाल्यास तिसरा रिकामा खण लागतो. एका पेल्यांत दूध व दुसऱ्यांत ताक आहे, तीं बदलावयाचीं आहेत. तर तिसरा पेला घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं. तो न घेतां आज्ञा दिली, तर संगणक पहिला पत्ता पुसून टाकतो आणि जोडांत एकच राणी दोनदां दिसूं लागते. या तिसऱ्या पेल्यास आपण ‘हातचा’ म्हणूं.

आतां मुख्य गोष्ट, पिसण्याची. गेल्या वर्षीं नववींतील एका हुशार विद्यार्थ्यानें अशी रीत योजिली : ० पासून ५१ पर्यंत प्रत्येक खणापाशीं क्रमानें थांबावें, त्या वेळीं बावन्नांपैकीं कोणताहि एक खण यदृच्छेनें निवडावा, आणि त्या दोहोंतील पत्ते बदलावे. प्रोग्रॅम चालविला, पत्ते असे विसकटले कीं वर्गानें टाळ्या वाजविल्या. पत्ते विसकटले होते यांत शंका नाहीं. परंतु चांगलें पिसणें म्हणजे नुसतें विसकटणें नव्हे. जितक्या रचना संभवतात तितक्यांपैकीं प्रत्येकीस अगदीं सारखी संधि मिळाली पाहिजे, तरच तें पिसणें न्यायाचें.

बावन्न पानांवर हें तपासणें अवघड. म्हणून तीनच पत्ते घेऊं. एक्का, दुर्री, तिर्री यांच्या रचना सहाच होतात. त्या विद्यार्थ्याच्या रीतीप्रमाणें तीन खणांपाशीं प्रत्येकीं तीन निवडी, म्हणजे ३ × ३ × ३ = २७ वाटा होतात, आणि प्रत्येक वाटेचा संभव सारखा. सत्तावीस वाटा सहा रचनांत सारख्या वांटून द्या पाहूं ! वांटतां येत नाहींत. कागदावर सर्व वाटा लिहून काढल्यास तीन रचनांच्या वांट्यास पांच पांच आणि तीन रचनांच्या वांट्यास चार चार वाटा आलेल्या आढळतात. बावन्न पानांसहि हाच दोष लागतो. तेथें वाटांची संख्या ५२ हा अंक बावन्न वेळां घेऊन केलेला गुणाकार. तिचे मूळ अवयव २ आणि १३ एवढेच. रचनांची संख्या मात्र १ × २ × ३ असें करीत ५२ पर्यंतचा गुणाकार. तिला ३ नें भाग जातो. म्हणून वांटणी कधींच सारखी होणार नाहीं. प्रोग्रॅम न चालवितां, केवळ अवयव पाडून त्याची लबाडी पकडतां येते, हें मला या पाठांतील सर्वांत सुंदर स्थळ वाटतें.

बरोबर रीत एवढी लहान आहे :

ख = ५१ पासून १ पर्यंत, एकेक कमी करीत, पुढील चार ओळी करा
य = ० पासून ख पर्यंतची, ख धरून, कोणतीहि एक संख्या
हातचा = जोड[ख]
जोड[ख] = जोड[य]
जोड[य] = हातचा

शेवटच्या खणासाठीं बावन्नांतून एक पत्ता निवडला कीं तो तेथें कायमचा बसला. त्यास पुन्हां हात लावावयाचा नाहीं. पुढच्या खेपेस एकावन्नांतून, मग पन्नासांतून. तीन पत्त्यांच्या बाबतींत ३ × २ = ६ वाटा होतात, आणि रचनाहि सहाच; प्रत्येकीस एक. ‘ख धरून’ हे दोन शब्द गाळूं नका. ते गाळल्यास कोणताहि पत्ता आपल्या मूळ जागीं राहूंच शकत नाहीं, आणि खऱ्या पिसण्यांत तसें अधूनमधून घडलेंच पाहिजे.

या रीतीचें मूळ शेतींत आहे, हें ऐकून नवल वाटेल. कोणत्या वाफ्यास कोणतें खत घालावें हें प्रयोग करणाऱ्यानें आपल्या मर्जीनें ठरविलें तर निष्कर्ष दूषित होतो. म्हणून तें यदृच्छेवर सोंपवावें, असा आग्रह इंग्लंडांतील रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाचा होता. त्यानें व फ्रँक येट्स यानें १९३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांच्या पुस्तकांत कागद-पेन्सिलीनें करण्याजोगी अशी रीत दिली. १९६४ सालीं रिचर्ड डर्स्टनफेल्ड यानें ती संगणकास सोयीची करून मांडिली. वर दिली आहे ती हीच. पायथनमध्यें पिसण्याची जी तयार आज्ञा मिळते तीहि याच रीतीनें चालते.

तथापि एवढ्यानें न्याय पुरा होत नाहीं. बावन्न पत्त्यांच्या रचनांची संख्या ६८ अंकी आहे. विश्वाचें वय सुमारें १३८० कोटि वर्षें. आरंभापासून दर सेकंदास एक रचना मांडीत गेलों असतों, तरी आजवरची मोजदाद १८ अंकांपलीकडे गेली नसती. इकडे संगणकाची नेहमींची ‘यदृच्छा’ म्हणजे एका आरंभींच्या संख्येपासून, जिला बीज म्हणतात, हिशेबानें काढलेली संख्यांची माळ होय. बीज तेंच तर माळहि तीच. १९९९ सालीं इंटरनेटवर पोकर खेळविणाऱ्या एका प्रोग्रॅमचें असेंच बिंग बाहेर पडलें. त्याचें बीज मध्यरात्रीपासून लोटलेल्या मिलिसेकंदांवरून घेतलें जाई. दिवसाच्या मिलिसेकंदांची संख्या ८ कोटि ६४ लक्ष. म्हणजे ६८ अंकी रचनांपैकीं तेवढ्याच काय त्या निघूं शकत. अमेरिकेंतील कांहीं संगणकतज्ज्ञांनीं आपलें घड्याळ त्या यंत्राच्या घड्याळाशीं जुळवून ही संख्या सुमारें दोन लक्षांवर आणिली, आणि पांच पत्ते समजतांच उरलेले सर्व पत्ते ओळखून दाखविले. म्हणून पैसा किंवा हक्क गुंतलेला असेल तेथें पायथनची साधी ‘रँडम’ वापरूं नये. अशा कामासाठीं ‘सीक्रेट्स’ हा निराळा विभाग त्या भाषेंत ठेविलेला आहे.

हक्काची गोष्ट पत्त्यांपुरती नाहीं. शिक्षणहक्क कायद्याखालील २५ टक्के जागांची सोडत महाराष्ट्रांत ऑनलाइन निघते. म्हाडाच्या घरांची सोडतहि संगणकच काढतो. अर्जांच्या रांगेंतून नांवें निवडणें आणि जोडांतून पत्ते काढणें, संगणकाच्या लेखीं काम एकच. आपल्या मुलाचें नांव त्या रांगेंत आहे असा पालक ‘सोडत कोणत्या रीतीनें काढिली ?’ असें विचारील, तर त्याचा प्रश्न रास्तच म्हणावा लागेल, आणि त्याचें उत्तर वरच्यासारख्या पांच ओळींत देतां आलें पाहिजे.

आतां मुलांसाठीं सुटीचें काम. तीन पत्त्यांचा जोड घेऊन दोन्ही रीतींनीं तो २७,००० वेळां पिसावा. प्रत्येक वेळीं जोड पुन्हां मूळ क्रमानें लावून घ्यावा, आणि सहा खणांचा दुसरा एक ॲरे करून कोणती रचना किती वेळां आली तें त्यांत मोजावें. बरोबर रीतीनें प्रत्येक खणांत ४,५०० च्या आसपास आंकडा येईल. नववींतल्या त्या रीतीनें तीन खणांत ५,००० च्या व तीन खणांत ४,००० च्या जवळपास. हें मोजण्याचें काम संगणक चुटकीसरशीं करील. दोन्ही आंकडे वहींत शेजारींशेजारीं मांडून, शाळा उघडतांच मला दाखवावे.