गाडीत वेगळं जीपीएस घ्यावं का? परभणीकरांसाठी हिशेब

दुकानात जाऊन ‘जीपीएस बसवायचंय’ म्हणण्याआधी एवढं ठरवा, की रस्ता दाखवणारं यंत्र हवंय, की गाडी कुठं आहे ते मालकाला कळवणारं. आपल्याकडं दोन्हींना जीपीएसच म्हणतात आणि दुकानदार हाताला लागेल ते गळ्यात मारतो. गाडी कळवणारा तो ट्रॅकर. त्याला पडदा नसतो, आत सिम असतं. यंत्र साधारण दीड ते चार हजारांना मिळतं, पण दरसाल सिमचं रिचार्ज वेगळं. १ जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी टॅक्सी-बसला नियमाप्रमाणे असलं यंत्र लागतं. तुमची गाडी भाड्याची असेल तर मान्यताप्राप्त यंत्रच घ्या, स्वस्तातलं पासिंगला चालणार नाही.

आता रस्ता दाखवणाऱ्याकडं वळू. काचेला चिकटवायचं स्वतंत्र यंत्र चांगल्या कंपनीचं घ्यायचं तर दहा हजारांच्या पुढंच जावं लागतं. त्याचा खरा गुण असा: नकाशा यंत्रातच साठवलेला असतो, त्यामुळं जिंतूरच्या डोंगराळ भागात रेंज गेली तरी ते अडत नाही. वाटेत फोन आला म्हणून पडदाही बदलत नाही. पण तो नकाशा जुना होतो. नवा नकाशा फुकट मिळणार की पैसे भरून, आणि किती वर्षं, हे बिलावर लिहून घ्या. वळणरस्ता झाला आणि नकाशा जुनाच राहिला, तर यंत्र तुम्हाला शेतातून चालवतं.

दुसरा पर्याय अँड्रॉइड स्टिरिओचा. पाच हजारांपासून वीस हजारांपर्यंत, वर बसवण्याची मजुरी. पडदा मोठा, रिव्हर्स कॅमेराही जोडता येतो. मात्र नवी गाडी असेल तर मूळ वायरिंग कापू देऊ नका, वॉरंटीला खोट येते. जोडणीचे तयार कपलर मिळतात, ते मागा. नेट मात्र बहुतेक वेळा मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घ्यावं लागतं.

राहिला खिशातला फोन. होल्डर दोनशे ते पाचशे, चांगला कार चार्जर तीनशे ते सातशे, म्हणजे हजार-बाराशेत काम झालं. निघण्याआधी घरच्या वायफायवर परभणी आणि शेजारच्या जिल्ह्यांचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. उपग्रहाकडून जागा कळायला फोनला नेट लागत नाही, नकाशा दिसायला लागतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आवाज मराठीत करता येतो. एक काळजी मात्र घ्या: एप्रिल-मेच्या उन्हात काचेवर लावलेला फोन तापून बंद पडतो आणि होल्डरची रबरी वाटी सुटते. त्यापेक्षा एसीच्या जाळीला अडकणारा होल्डर बरा. हातात धरून मात्र बघू नका. रस्ता पाहण्यासाठी फोन वापरायला १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात मुभा आहे, पण लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं.

खर्चाच्या यादीत कोणी न धरलेली एक बाब सांगतो. गेल्या पावसाळ्यात जिंतूर तालुक्यात एका दहाव्याला निघालो होतो. पडद्यावर डांबरी रस्ता लांबचा, दुसरा आठ किलोमीटर जवळचा. घेतला जवळचा. निघाली ती पांदण. काळ्या मातीत चाकं अर्धी गेली, दार उघडलं तर चिखल थेट पायरीला. ट्रॅक्टरवाल्यानं साखळी लावताना विचारलं, “मोबाइलनं आणलं का इकडं?” आठशे रुपये. दहावं चुकलं ते वेगळंच.

चिखलावर निभावलं, पाण्यावर निभत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या वेळी नकाशाच्या भरवशावर निघालेली गाडी धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली. दोघे वाचले, एक बुडाला. आपल्याकडं गोदावरी, पूर्णा, दुधना आणि त्यांना मिळणारे असंख्य ओढे. नळकांडी पुलावरून पाणी जातंय की नाही, हे कुठल्याच किमतीच्या यंत्राला कळत नाही.

आणि नावांचा घोळ आहेच. पिंपळगाव नुसतं टाकलं तर यादी येते, बुद्रुक की खुर्द हे पाहिलं नाही तर दुसऱ्याच तालुक्यात पोचाल. यजमानाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन मागवा, ते फुकट असतं आणि गावाच्या नावापेक्षा पक्कं.

माझा कौल असा: रोजची धाव सेलू, पाथरी, गंगाखेड एवढीच असेल तर स्वतंत्र यंत्र घेऊ नका. तेवढ्या पैशात लहान गाडीचे दोन नवे टायर येतात. महिन्यातून चार वेळा राज्याबाहेर जाणाऱ्यानं स्टिरिओचा विचार करावा. बाकीच्यांनी होल्डर घ्यावा, आणि पावसाळ्यात डांबर सोडण्याआधी काच खाली करून पारावर बसलेल्यांना विचारावं, “पुढं गाडी जाईल का?”