वृद्धांची स्मरणशक्ती तपासताना साक्षरतेचा विचार

१६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे चिमूरचे नाव देशभर पोहोचले. त्या वेळी पाळण्यात असलेल्या पिढीने आज वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरता १८.३३ टक्के, तर स्त्रियांची अवघी ८.८६ टक्के होती. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील अनेक वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, बालपणी पाटी-पेन्सिल मिळाली नाही. त्यांची स्मरणशक्ती तपासताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

बावीस गुणांची मर्यादा

स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक तपासणीसाठी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झालेली 'मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन' ही चाचणी जगभर वापरली जाते. ती एकूण ३० गुणांची असून २४ पेक्षा कमी गुण सामान्यतः शंकास्पद मानले जातात. तीत सूचना वाचून कृती करणे, वाक्य लिहिणे व आकृती उतरवणे यांना प्रत्येकी एक, तर शंभरातून सात-सात वजा करीत जाण्यास ५ गुण आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या व्यक्तीचे हे आठ गुण गेले, तर बाकी सर्व उत्तरे अचूक देऊनही तिला २२ च गुण मिळतात. तेंदूपानांच्या पुड्यांचा हिशेब तोंडी करणारी आजी कागदावर मात्र रुग्ण ठरू शकते.

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीतही हाच फरक दिसला. नऊ किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांचे मध्यक गुण २९ होते, तर चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांचे २२.

बल्लभगढचा अनुभव

हरियाणातील बल्लभगढ येथील ग्रामीण निरक्षर वृद्धांसाठी या चाचणीचे हिंदी रूप तयार करण्यात आले व १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात वाचून डोळे मिटण्याऐवजी तपासनिसाची कृती पाहून तसेच करावयाचे असते, आणि वाक्य लिहिण्याऐवजी ते बोलून दाखवावयाचे असते. चाचणी सोपी करणे हा या बदलाचा हेतू नव्हता. शाळेच्या सवयीऐवजी बुद्धी मोजली जावी, हा होता.

दोन्ही बाजूंची दक्षता

तथापि, 'निरक्षर आहे, म्हणून गुण कमी' असे म्हणून प्रश्न सोडून देणेही तितकेच धोक्याचे आहे. अल्प शिक्षण हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारे एक कारण मानले जाते. शिवाय थायरॉईडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व नैराश्य यांमुळेही विस्मरण होते आणि त्यांवर उपचार आहेत.

म्हणून गुणांच्या जोडीला घरच्या माणसांची साक्ष घ्यावी. पूर्वी रोवणीची मजुरी चोख मोजणारी व्यक्ती आता चुकते काय? ओळखीच्या वाटेवर भांबावते काय? नातवंडांची नावे विसरते काय? स्वतःच्या पूर्वीच्या क्षमतेशी केलेली ही तुलना निरक्षरालाही न्याय देते. मोतीबिंदू, कमी ऐकू येणे आणि गोंडी अथवा झाडीबोली ही घरची भाषा यांचीही नोंद असावी.

शिक्षकांनी वृद्धांच्या शालेय इयत्तेपेक्षा त्यांना प्रत्यक्ष वाचता येते काय, हे पाहण्यास साह्य करावे. पंचायत सदस्यांनी तपासणी ओळखीच्या भाषेत व निवांत जागी होईल, अशी व्यवस्था ठेवावी. आरोग्य कर्मचाऱ्यांनी एका चाचणीवरून निदान न करता शंका असलेल्या व्यक्तीस वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. ज्यांना अक्षरे लाभली नाहीत, त्यांच्यावर उतारवयात रोगाचा खोटा शिक्का बसू नये आणि खरा रोगही दुर्लक्षित राहू नये, एवढी काळजी गावाने घेणे अगत्याचे आहे.