तबकडीचे फेरे

आमच्या गावात बायकांचा एक बचत गट आहे. गटाकडे एक जुना लॅपटॉप आहे. लॅपटॉप म्हणजे पाटीएवढा, मिटवून पिशवीत नेता येणारा संगणक. कुणी किती भरले, कुणाकडे किती कर्ज बाकी, सगळा हिशेब त्यात. पण तो भारी सुस्त. बटण दाबावं, चहा ठेवावा, चहा पिऊन व्हावा, तेव्हा कुठं तो कामाला लागे.

एक दिवस गटाच्या सचिव ताई आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, “गुरुजी, दुकानदार म्हणतो यातली डिस्क मंद आहे, जोरात फिरणारी बसवा. घेऊ का? पैसे गटाचे आहेत, माझ्या एकटीचे नाहीत.”

प्रश्न खरा होता. उशिरा हप्ता भरणाऱ्यांच्या दंडाचे थोडे पैसे जमले होते. ते वाया गेले तर बैठकीत ताईंनाच उत्तर द्यावं लागणार. आम्ही म्हटलं, आधी ही डिस्क म्हणजे काय ते पाहू.

लॅपटॉपच्या पोटात एक चपटी डबी असते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. आत एक-दोन गुळगुळीत तबकड्या असतात. आपण लिहिलेलं सारं त्यांच्यावर साठतं. ते कोरलेलं नसतं, लोहचुंबकाच्या गुणानं उमटवलेलं असतं. ग्रामोफोनची तबकडी आठवते ना? ती मिनिटाला ७८ फेरे घ्यायची. ही घेते ५४००. म्हणजे सेकंदाला ९०! जोरात फिरणारी असते ती मिनिटाला ७२०० फेरे घेते, सेकंदाला १२०. दुकानदार सांगतो तो वेग हाच. तबकडीवर एक बारीक दांडी पुढंमागं सरकते. दांडीचं टोक वाचतं आणि लिहितं. ते तबकडीला टेकत नाही, वर तरंगतं. मधली फट आपल्या केसाच्या जाडीहून हजारो पटींनी लहान असते. म्हणून असा लॅपटॉप चालू असताना आपटू नये.

अशी पहिली डिस्क १९५६ साली अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीनं काढली. तिच्यात ५० तबकड्या होत्या, एकेक दोन फूट रुंद. फेरे मिनिटाला १२००. ती पिशवीत न्यायची सोय नव्हती!

आता जत्रेतला आकाशपाळणा डोळ्यांपुढं आणा. तुमची पोर वर बसली आहे. तिला खाऊ द्यायचा आहे. आधी गर्दीतून वाट काढत चाकापाशी जायला हवं. मग तिचा पाळणा खाली येईपर्यंत थांबायला हवं. चाक जोरात फिरलं तर थांबणं कमी होईल. पण गर्दीतलं चालणं? ते तेवढंच.

डिस्कचंही असंच आहे. एका सेकंदाचे हजार भाग करा. दांडीला जागेवर जायला त्यातले साधारण १२ भाग लागतात. हे झालं चालणं. मग हवी ती जागा फिरून खाली येण्याची वाट. ती सरासरी अर्ध्या फेऱ्याची. मंद डिस्कमध्ये साडेपाच भाग, वेगवान डिस्कमध्ये चारांहून थोडे जास्त. बेरीज करून बघा. एकीचे साडेसतरा, दुसरीचे सोळाच्या वर. फेरे तिसऱ्या हिश्शानं वाढले, पण वेळ वाचला शंभरात सात-आठ भाग.

मोठा सिनेमा सलग नकलायचा असेल तर वेगवान तबकडीचा फायदा जास्त दिसतो. पण लॅपटॉप सुरू होताना हजारो बारीकसारीक गोष्टी इथून तिथून वाचाव्या लागतात. तिथं दांडीची धावपळच नडते. शिवाय जास्त फेऱ्यांना बॅटरी जास्त लागते, ऊबही वाढते. आम्ही एकदा हौसेनं ७२०० ची डिस्क घेतली होती. मांडी तापली, काम फारसं हललं नाही.

तिसरी वस्तूही मिळते. तिला एसएसडी म्हणतात. तिच्यात तबकडी नाही, दांडी नाही. मोबाइलमधल्या कार्डासारखी ती असते. चालणं नाही, चाकही नाही. ज्याला तबकडी सतरा भाग घेते, ते काम एका भागाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास होतं. पण तेवढ्याच पैशांत तिच्यावर जागा कमी मिळते. कुणाला लग्नांच्या चित्रफितींचा ढीग साठवायचा असेल, तर ५४०० ची मोठी, स्वस्त डिस्कच बरी. ताईंचा हिशेब मात्र सभासदांचे फोटो धरूनही एका कोपऱ्यात मावणारा. त्यांना जागा नको होती, वेळ हवा होता.

आम्ही म्हटलं, “ताई, छोटी एसएसडी घ्या. पण लॅपटॉप दुकानात सोबत न्या. ती त्यात बसते का, आणि मेमरी पुरेशी आहे का, तेही विचारा. आकडे टाइप करायला तुम्हाला लागतो तेवढाच वेळ लागेल, इंटरनेटही आहे तसंच राहील. आणि डबी उघडण्याआधी हिशेबाची नक्कल काढून ठेवा.”

बैठकीत ताईंनी आकाशपाळण्याचीच गोष्ट सांगितली. एका आजींनी विचारलं, “मग जुनी तबकडी टाकायची का गं?”

टाकली नाही. ती अजून चालत होती. बाहेरून वायरनं जोडायच्या एका छोट्या पेटीत ती बसवून घेतली. एसएसडीसुद्धा बिघडते, आणि बऱ्याचदा सूचना न देता. म्हणून दर महिन्याला बैठक झाली की हिशेबाची एक नक्कल या जुन्या तबकडीवर उतरते. मग ती अध्यक्षबाईंच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत, पासबुकांशेजारी जाते. लॅपटॉप राहतो ताईंच्या घरी.