न्हाणीघरांतील पंखा

ऊन पाण्यानें स्नान झालें कीं आरसा धुरकटतो, भिंती ओलावतात आणि कालांतरानें त्यांवर काळी बुरशी चढते. ही वाफ बाहेर घालविणें हेंच एक्झॉस्ट पंख्याचें कार्य होय. जुना पंखा बदलतांना प्रथम मेन स्विच बंद करावा व तारांत वीज नाहीं अशी टेस्टरनें खात्री करून घ्यावी. मग भिंतीच्या भोंकाचें माप घेऊन त्यांत बसेल असाच पंखा आणावा. तो फिरूं लागल्यावर आंतील जाळीशीं कागद धरावा. कागद जाळीस चिकटला तर हवा बाहेर जात आहे असें समजावें.

परंतु जितकी हवा बाहेर जाते तितकीच आंत आली पाहिजे. दाराखालीं फट नसेल तर पंखा व्यर्थ फिरतो. बंद न्हाणीघरांत गॅसचा गीझर असल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु सांचतो; त्यास ना रंग, ना वास. तेथें पंख्यावर विसंबूं नये; गीझरच बाहेर मोकळ्या हवेंत बसवावा.

बालमित्रांनो, तारांचें काम जाणत्या कारागिराचें. पण दाराखालची फट मोकळी आहे कीं नाहीं, हें आज घरीं जाऊन तुम्हींच पाहावें.