चाक बदलले, हिशेब बदलला

पाथरी तालुक्यातल्या एका लहान गावातली ही गोष्ट आहे. गावात भाड्याची जीप एकच. जीपवाला तरुण, माझा जुना विद्यार्थी. लग्नकार्य असो, आजारी माणूस असो, लोक त्यालाच हाक मारीत. भाडे किलोमीटरवर ठरे. पोरगा हिशेबाला चोख म्हणून गाव त्याला मानत असे.

एका उन्हाळ्यात आमचे शेजारी दाजी त्याची जीप करून मुलीच्या सासरी गेले. मीही बरोबर होतो. दर किलोमीटरला १५ रुपये ठरले होते. परत आल्यावर जीपवाल्याने मीटर पाहिले आणि म्हणाला, "३१६ किलोमीटर झाले, दाजी."

दाजी तापले. "कसे काय? मागल्या साली हीच गाडी, हाच रस्ता. तीनशे पडले होते. वरचे सोळा कुठून आले?"

"मीटर सांगतंय दाजी, मी नाही."

"मग मीटर तूच फिरवलंस!"

पारावरची माणसे जमली. कोणी म्हणाले चोर, कोणी म्हणाले लबाड. पोराचे डोळे भरून आले. खरे सांगतो, माझ्याही मनात आले की पोरगे बिघडले.

तेवढ्यात गावचे लोहारमामा पुढे झाले. त्यांनी जन्मभर गाडीच्या चाकांना धावा चढवल्या. ते म्हणाले, "पोरा, गाडीची धाव बदललीस काय रे?"

"टायर बदलले, मामा. महिना झाला. चारी बदलले. स्वस्त मिळाले अन् रिमवर बसले, म्हणून घेतले."

मामा चाकापाशी बसले. हाताने चिखल पुसला. दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गात ते लिहा-वाचायला शिकले होते, इंग्रजी आकडेही शिकले होते. बोट ठेवून त्यांनी सावकाश वाचले, "दोनशे पाच... सत्तर... पंधरा." मग ते जीपच्या मागे गेले. तिथे जादा चाक, म्हणजे स्टेपनी, टांगलेली होती. ती जुनीच होती. तिच्यावर वाचले, "दोनशे पंधरा... पंचाहत्तर... पंधरा."

मामा उठून म्हणाले, "आकडा सारखा नाही. दोरी आणा."

दोरीने काय सांगितले?

धाव म्हणजे बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी पट्टी. ती करण्याआधी लोहार चाकाचा घेर मोजतो. घेर चुकला तर धाव बसत नाही. मामांनी तेच केले. स्टेपनीभोवती दोरी फिरवली. घेर भरला २२१ सेंटिमीटर. मग जीपचे एक चाक जॅकवर उचलून त्याभोवती दोरी फिरवली. घेर भरला २१० सेंटिमीटर. म्हणजे ११ सेंटिमीटर कमी, अर्धी वीत.

अर्ध्या वितीने काय होते, असे कोणी म्हणेल. पण चाक एकदाच फिरत नाही. एका किलोमीटरात जुने चाक सुमारे ४५२ वेळा फिरत होते. ४५२ वेळा अर्धी वीत म्हणजे जवळजवळ ५० मीटर झाले.

मीटर काय मोजते?

पुष्कळांना वाटते की मीटर रस्ता मोजते. मीटर रस्ता पाहत नाही. ते फक्त फेरे मोजते. चाक किती वेळा फिरले, एवढेच त्याला कळते. जुन्या गाड्यांत ही खबर तारेने, म्हणजे केबलने पोचते. नव्या गाड्यांत ती विजेच्या खुणेने पोचते.

किती फेऱ्यांचा एक किलोमीटर धरायचा, हे कारखान्यात ठरते. कारखान्याने गाडीला जो टायर दिला, त्याच्या घेरावरून ते ठरते. टायर बदलला, हे मीटरला कोणी सांगत नाही. ते ४५२ फेरे झाले की एक किलोमीटर झाला असे समजते. लहान टायरने तेवढ्या फेऱ्यांत जीप ९४९ मीटरच गेली होती. म्हणून खरे ३०० किलोमीटर मीटरवर ३१६ दिसले.

ही युक्ती आजची नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोम देशात व्हिट्रुव्हियस नावाचा बांधकामाचा जाणकार होऊन गेला. त्याने एका गाडीचे वर्णन लिहून ठेवले आहे. तिच्या चाकाचे ४०० फेरे झाले की त्यांचा एक मैल होई, आणि एक खडा काशाच्या भांड्यात पडून वाजे. खडे मोजले की मैल कळत. पण त्या गाडीला लहान चाक लावले असते, तर खडे लवकर पडले असते आणि मैल खोटे झाले असते. आपले मीटर त्या खड्यांसारखेच आहे.

टायरवरचे आकडे कसे वाचावे?

टायरच्या बाजूवर इंग्रजी आकड्यांत माप असते. जीपचे जुने माप होते २१५/७५ आर १५.

२१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.

७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या शंभराला ७५. २१५ चे शंभराला ७५ म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर.

आर म्हणजे रेडियल जातीचा टायर.

१५ म्हणजे रिमचे माप, इंचांत. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. १५ इंचांचे ३८१ मिलिमीटर झाले.

आता बेरीज करा. टायरची उंची वर एकदा आणि खाली एकदा धरावी लागते. १६१ आणि १६१ आणि ३८१ मिळून ७०३ मिलिमीटर. ही चाकाची पूर्ण उंची. तिला २२ ने गुणा आणि ७ ने भागा. सुमारे २२१ सेंटिमीटर घेर येतो. दोरीनेही तेच सांगितले होते.

दोन्ही टायरांचा शेवटचा आकडा १५ च आहे. म्हणून नवे टायर रिमवर बसले. पण रिमवर बसले म्हणजे माप जुळले, असे नाही. पहिले दोन आकडेही पाहावे.

मोठा टायर अधिक घातक

लहान टायरने पैशाचा घोटाळा होतो. मोठ्या टायरने जिवाशी गाठ पडते.

काही जण गाडी उंच आणि रुबाबदार दिसावी म्हणून मोठे टायर घालतात. समजा, याच जीपला २३५/७५ आर १५ टायर घातले. घेर सुमारे २३० सेंटिमीटर होईल. मग ४५२ फेऱ्यांत जीप १,०४० मीटर जाईल. मीटर मात्र एकच किलोमीटर म्हणेल. वेगाचेही तसेच. काटा ६० वर असेल तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असेल. काटा ८० वर असेल तेव्हा ती ८३ च्या वर असेल.

दोन-तीन किलोमीटरने काय बिघडते? वेग दुप्पट झाला की ब्रेक लावून थांबायला दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट जागा लागते. म्हणजे वेग थोडा वाढला, तरी जागा त्याहून अधिक वाढते. आपल्या भागात ऊसतोडीच्या दिवसांत रात्री रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या असतात. कितीकांना मागे दिवा नसतो. तिथे चार पावलांची जागाही मोलाची असते.

कारखानदार बहुधा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा अधिकच दाखवेल असा ठेवतात. मोठा टायर ती सावधगिरी खाऊन टाकतो. तो मडगार्डला घासण्याचाही धोका असतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे. नोंदणीच्या कागदात लिहिलेला कारखान्याचा तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने गाडीत करू नये, असे ते सांगते.

मोटारसायकलीलाही हाच नियम. मात्र पुष्कळ मोटारसायकलींचे मीटर पुढच्या चाकावरून चालते. अशा गाडीचे मागचे टायर बदलले तर काटा बदलत नाही, पुढचे बदलले तर बदलतो. केबल कोणत्या चाकाकडे जाते ते पाहा, म्हणजे कळेल.

टायर झिजला तरी घेर कमी होतो. जीपचा टायर पार झिजेपर्यंत शंभराला दीड-दोनचा फरक पडतो. एवढा फरक चालायचाच. शंभराला पाच मात्र चालू देऊ नये.

पुढे काय झाले?

दाजींनी ३०० किलोमीटरचे ४,५०० रुपये दिले. २४० रुपयांचा तंटा मिटला. दाजी पोराला म्हणाले, "मी चोर म्हटलं, ते शब्द माघारी घेतो." जीपवाला घरात गेला आणि महिन्याची वही घेऊन आला. ज्यांच्याकडून नकळत जास्त घेतले होते, त्यांचे त्यांना परत केले. नवे टायर घेईपर्यंत त्याने मीटरजवळ एक कागद चिकटवला, "दर शंभराला पाच वजा."

मीही त्याची माफी मागितली. मी वर्गात वर्षानुवर्षे परिघ शिकवला. पण त्या दिवशी चाकाजवळ वाकून पाहण्याचे मला सुचले नाही. ते दोन वर्षांपूर्वी वाचायला शिकलेल्या लोहारमामांना सुचले. वाचता येणे म्हणजे केवळ पोथी वाचणे नव्हे. टायरवरचा आकडा वाचला, म्हणून एका गरिबाच्या माथ्यावरचा डाग पुसला गेला.

ध्यानात ठेवा

१. मीटर फेरे मोजते, रस्ता मोजत नाही.
२. लहान टायर घातला तर मीटर जास्त दाखवते.
३. मोठा टायर घातला तर मीटर कमी दाखवते.
४. दुकानात जाताना जुन्या टायरचे पूर्ण माप कागदावर लिहून न्यावे.

करून पाहा

१. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करा. गाडीवर माणूस बसवून चाक एक फेरा पुढे ढकला. दोन खुणांमधले अंतर टेपने मोजा.

२. पाथरीवरून परभणीकडे जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडाचे डोके पिवळे असते. रस्ता मोकळा असताना काटा ६० वर स्थिर ठेवा. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने घड्याळ पाहावे. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत ६० सेकंद लागले तर काटा खरा. ५७ लागले तर गाडी काट्यापेक्षा वेगात आहे. ६३ लागले तर हळू आहे. एकाच दगडावर विसंबू नका, चार-पाच दगड मोजा. मोबाइलच्या नकाशात वेग दिसत असेल तर तोही ताडून पाहा. मोबाइल उपग्रहावरून वेग काढतो, टायरवरून नाही.

प्रश्न

१. नवे टायर रिमवर बसले, तरी हिशेब का चुकला?
२. मीटरवर २०० किलोमीटर दिसतात आणि शंभराला पाच वजा करायचे आहेत. खरे किलोमीटर किती?
३. तुमच्या घरच्या गाडीच्या टायरवर कोणते माप आहे? ते वहीत लिहा.