ट्रॉली भरण्याआधी

शहापूर-मुरबाडकडे जुनं घर पाडलं की राडारोडा उचलायला ट्रॅक्टरची ट्रॉली सांगतात. हा राडारोडा शहरासारखा नकोसा नसतो. कुणाला नव्या घराच्या जोत्यात भराव हवा असतो, कुणाला शेतवाटेवरचा चिखल बुजवायचा असतो. म्हणजे ट्रॉलीत जे पडेल ते कुणाच्या तरी पायाखाली जाणार.

किन्हवलीकडे चुलतभावाचं घर उतरवलं तेव्हा माळ्यावरचं सगळं सामान मातीबरोबरच लोटलं गेलं. ती ट्रॉली एका खाचराच्या वाटेवर रिकामी झाली. आवणीच्या दिवसांत तिथून जाणाऱ्या मजूर बाईच्या टाचेत ट्यूबलाइटची काच घुसली. टाके पडले आणि ऐन हंगामात तिची मजुरी बुडाली. ट्यूबमध्ये पारा असतो, तो मातीत गेला ते वेगळंच.

तेव्हापासून कुणी घर पाडायला काढलं की मी आधी माळ्यावर काय आहे ते विचारतो. सगळ्यात धोक्याची असतात शेतीची जुनी औषधं. फोरेट, म्हणजे आपल्याकडे ज्याला थायमेट म्हणतात, त्यावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. पण जुना पुडा तुळईच्या खाचेत सापडू शकतो. तो भरावात गेला, तर पावसात विष ओढ्यात उतरतं आणि तिथून काळू नाहीतर भातसा नदीला लागतं. याच ओढ्यांत आपली माणसं मासे धरतात. म्हणून असे पुडे-बाटल्या जाळू, पुरू, धुऊ नका. पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा कोरड्या जागी कुलपात ठेवा आणि पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याला विचारा.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. ते फोडले की बारीक तंतू उडतात, फुप्फुसात बसतात आणि आजार कित्येक वर्षांनी वर येतो. घण घालून तुकडे करणं मजुराला सोपं वाटतं, पण करू देऊ नका. पाणी मारून, बोल्ट सोडवून अख्खे उतरवा आणि वेगळे ठेवा. पुढे काय करायचं ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याणच्या कार्यालयात विचारता येतं.

इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानातच द्या, किमतीतून पैसे वजा होतात. अंगणात फोडून शिसं काढणाऱ्याला ती विकू नये, मग तो दोन पैसे जास्त का देईना. रंगाचे अर्धे डबे, गॅसची टाकी, फ्रिज, टायर हेही ट्रॉलीत नको.

पाडकामाचा कचरा वेगळा ठेवणं ही मालकाची जबाबदारी असल्याचं 2016 च्या केंद्रीय नियमांतही म्हटलं होतं. गावात ते कुणी तपासायला येत नाही, ही गोष्ट निराळी. मजुरी ठरवतानाच सांगून टाका, पहिला दिवस माळा उतरवायचा, भिंतीला हात दुसऱ्या दिवशी. एक हजेरी जास्त पडते, ती द्यावी. आणि ट्रॉली कुठे रिकामी होणार ते ड्रायव्हरला आधीच विचारावं.